आजी कुठली?

(सिनेगॉगच्या वर्धापनदिनानिमित्त हाउन्सलोच्या मंडळींतर्फे केलेले भाषण)



हाउन्सलोच्या मंडळींनी दोन शब्द बोलावेत असा निरोप आला. आम्ही काही वक्ते नव्हेत. पण आमच्या कौलांवरून दिवसभर विमाने जातात, तेव्हा त्या विमानांतून आलेल्या आणि येऊ न दिलेल्या माणसांविषयी बोलावे असे ठरले.

केनिया डिसेंबर 1963 मध्ये स्वतंत्र झाला. तेथील हिंदी लोकांना नागरिकत्वासाठी दोन वर्षांची मुदत होती; पुष्कळांनी ब्रिटिश पासपोर्टच ठेवला. पुढे 1967 मध्ये परक्या नागरिकांना नोकरीसाठी परवाने सक्तीचे झाले आणि लोक मिळेल त्या विमानाने नैरोबीहून निघाले. तेव्हा येथल्या पार्लमेंटने अवघ्या तीन दिवसांत कायदा केला. 1 मार्च 1968 रोजी त्यावर शिक्कामोर्तब झाले. आई-बाप किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणाचा ब्रिटनशी जन्माचा किंवा नागरिकत्वाचा संबंध नसेल, तर हातात ब्रिटिश पासपोर्ट असूनही दार बंद! वर्षाला फक्त 1,500 कुटुंबप्रमुखांना व्हाउचर मिळणार होते.

आजी कुठली, हा प्रश्न आपल्याला नवा नव्हता. 1962 मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फर्मान काढले होते, की बेने इस्राएल मुलामुलींच्या लग्नाआधी आई, आजी, पणजी, जाता येईल तितके मागे जाऊन चौकशी करावी. कोकणात तेलाचे घाणे चालवून शनिवार पाळणाऱ्या पणजीचा दाखला कुठून आणायचा? आपले लोक जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले. अखेर 17 ऑगस्ट 1964 रोजी क्नेसेटने आपण सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहोत असे जाहीर केले आणि त्याच महिन्याच्या शेवटी त्या फर्मानातून आपले नाव गेले.

म्हणून नैरोबीच्या लोकांचे दुःख आम्हालाच आधी कळायला हवे होते. पण खरे सांगतो, तसे झाले नाही. त्या काळी पिकॅडिली लाइन हाउन्सलो वेस्टलाच संपे. पुढे विमानतळापर्यंत बसने जावे लागे. आमच्यापैकी काहीजणी तेथल्या कँटीनमध्ये कामाला होत्या. परत पाठवलेली माणसे एका देशाच्या विमानतळावरून दुसऱ्या देशाच्या विमानतळावर फिरत होती. वर्तमानपत्रवाले त्यांना बॅडमिंटनचे फूल म्हणत. आमच्या बायका त्यांना चहा देत, गुजरातीत, हिंदीत दोन शब्द बोलत. पण अर्जावर सह्या मागायला साउथॉलची माणसे दारी आली तेव्हा आम्ही म्हणालो, "हा पंजाबी-गुजरात्यांचा प्रश्न आहे. आपण मूठभर, आपले कागद नीट आहेत." दोघांनीच सह्या केल्या.

1972 मध्ये इदी अमीनने युगांडातील हिंदी लोकांना 90 दिवसांची मुदत दिली. त्या वेळी मात्र आम्ही घरोघरी ब्लँकेटे, कोट गोळा केले. सुमारे 28,000 माणसे या देशात आली. ऐन थंडीच्या तोंडावर, अंगात सुती कपडे. 1973 च्या डिसेंबरात युरोपच्या मानवी हक्क आयोगाने 1968 चा कायदा वर्णभेद करणारा आणि माणसाची मानहानी करणारा ठरवला. तरी रांग काही संपली नाही. मुंबईत, दिल्लीत व्हाउचरची वाट पाहत कुटुंबे वर्षानुवर्षे बसली. मुले वयात आली आणि आई-बापांच्या व्हाउचरवरून त्यांची नावे गळाली. व्हाउचरची योजना 2002 मध्ये बंद झाली आणि त्याच वर्षी, दुसरे कोणतेही नागरिकत्व नसलेल्या अशा लोकांना पूर्ण ब्रिटिश नागरिक म्हणून नोंद करण्याचा हक्क मिळाला. 34 वर्षे लागली! तोवर अर्ज करणारे किती जण देवाघरी गेले असतील.

आणि ज्यांचे "कागद नीट" होते त्यांचे? वेस्ट इंडीजहून लहानपणी आलेल्या म्हाताऱ्या माणसांना याच देशाने पुरावे मागितले, काहींना हाकलूनही दिले, हे 2018 मध्ये उघडकीस आले. त्यांच्या आगमनाच्या चिठ्ठ्या सरकारनेच 2010 मध्ये नष्ट केल्या होत्या. तेव्हापासून आमच्यातल्या वडील मंडळींनी आपापले जुने पासपोर्ट पेटीतून वर काढून ठेवले आहेत.

आता एकच विनंती. 1962 ते 1964 या काळात लोदहून, बीरशेब्याहून आलेली नातलगांची पत्रे कोणाच्या घरी असतील, तर जेवणाच्या वेळी आम्हाला भेटावे. आम्ही प्रती काढून मूळ पत्रे परत करू. अक्षर पुसट असले, मोडी असले तरी चालेल; आमच्यात मोडी वाचणाऱ्या एक आजी अजून आहेत.