मरणाचे सोंग

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्यांनी ती रचली त्यांनी मरणाचे सोंग हिशेबात धरलेले दिसत नाही. आणि ते धरण्याचे त्यांना कारणही नव्हते. गावात माणूस गेला की घरातला आकांत ऐकून शेजारी धावतात. कुणी बांबू आणावयास जातो, कुणी मडके. तिरडी बांधणारा जाणता माणूस प्रत्येक आळीत असतो आणि त्याला बोलावणे पाठवावे लागत नाही. चौघे खांदा देतात, घरी सुतक धरले जाते, आणि दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना तर मागे राहिलेली इच्छा कोणती असावी याची चर्चा नदीकाठी उन्हात तासभर चालते. इतक्या साक्षीदारांच्या देखत खोटे मरणे कठीण. माणसे एक वेळ फितवता येतील. कावळा फितवता येत नाही.

ही सगळी व्यवस्था जेथे नाही अशा एका वस्तीकडे आता वळू. बंगळूर शहराच्या पूर्वेस मारतहळ्ळी नावाचे उपनगर आहे. नाव कानांवर पडताच मराठी माणसास मराठ्यांची आठवण व्हावी. पण तो मोह आवरलेला बरा. हळ्ळी म्हणजे कानडीत खेडे. ते खेडे आता आउटर रिंग रोडच्या पुलाखाली, तयार कपड्यांच्या दुकानांत आणि संगणक कंपन्यांच्या बसगाड्यांच्या गर्दीत शोधूनही सापडावयाचे नाही. कोल्हापूर, नांदेड, जळगाव येथून आलेली मुलेमुली येथे तिघे-चौघे मिळून भाड्याने जागा घेतात, किंवा पीजी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खानावळवजा निवासांत राहतात. समोरच्या दाराआड कोण राहते हे त्यांस वर्षावर्षात कळत नाही. मग त्यांची आळी कोठे असते? ती हातातल्या काचेच्या पडद्यावर असते. कुणी गझल लिहितो, कुणी मालवणी मसाल्याचे प्रमाण विचारतो, रात्री दोन वाजता कुणी आपल्या आजाराविषयी लिहितो आणि न पाहिलेली पन्नास माणसे त्याला धीर देतात. परदेशांत आणि परप्रांतांत विखुरलेल्या मराठी माणसांचा हा परिपाठ 1996 साली सुरू झालेल्या ‘मायबोली’च्याही आधीपासूनचा आहे. त्यास कृत्रिम म्हणून हसण्याचे कारण नाही.

ह्या आळीतले पुष्कळ रहिवासी टोपणनावाने वावरतात. टोपणनावाची प्रथा मराठीस नवी नाही. केशवसुत, गोविंदाग्रज, बालकवी ही सारी टोपणनावेच. पण मासिकाच्या संपादकास त्या नावामागचा माणूस आणि त्याचा पत्ता ठाऊक असे. पडद्यावर असा संपादक नाही. तेथे शब्द हाच देह. म्हणून तेथे एखाद्याचे मरणही शब्दानेच घडते, आणि ते घडविणे फार सोपे असते. काही दिवस आजाराच्या बातम्या येतात. मग एका सकाळी त्याच खात्यावरून ‘मी तिची बहीण लिहिते आहे’ असा मजकूर येतो. अंत्यविधी घरच्या घरी उरकला, कुणी फोन करू नये, अशी विनंती खाली असते. दुःखाने गांगरलेल्या घराची ती इच्छा सर्वजण मुकाट्याने मानतात. सोंग टिकते ते मूर्खपणामुळे टिकत नाही, सौजन्यामुळे टिकते.

अशा सोंगांचा इतिहास वाटतो त्याहून जुना आहे. अमेरिकेत टेलिफोनच्या तारांनी जोडलेल्या संगणकांवर लोक नुकते गप्पा मारू लागले होते, त्या 1980 नंतरच्या काळात जोन नावाची एक अपंग स्त्री तेथे फार लोकप्रिय झाली. वस्तुतः ती स्त्री नव्हती आणि अपंगही नव्हती. तो न्यूयॉर्कचा एक मनोविकारतज्ज्ञ होता. सोंग अंगाशी येऊ लागले तेव्हा त्याने तिला आजारी पाडून संपविण्याचा घाट घातला. पण सहानुभूतीचा असा पूर लोटला की तो बेत सोडून तिला बरी करावी लागली. लिंडसी व्हॅन गेल्डर ह्या लेखिकेने 1985 साली ‘मिझ’ मासिकात ही हकीकत मांडली. पुढे 2001 साली केसी निकोल नावाच्या मुलीचे मरण गाजले. कॅन्ससमधली ही हसरी, खेळाडू मुलगी रक्ताच्या कर्करोगाशी झुंजत असल्याची दैनंदिनी हजारो लोक वाचीत होते. मे महिन्यात ती गेल्याची बातमी आली. लोकांनी फुले पाठविण्यासाठी पत्ता मागितला. तो मिळेना. वर्तमानपत्रात मृत्युलेख सापडेना. तेव्हा रडणाऱ्यांपैकीच काहींनी शोध घेतला, आणि दोन-चार दिवसांत उघड झाले की केसी कधी जन्मलीच नव्हती. एका मध्यमवयीन बाईने ती रचली होती, आणि छायाचित्रे दुसऱ्याच एका मुलीची, तिला न विचारता वापरलेली होती. येथेही सोंग फसले ते पत्त्यापाशी. फुले ठेवावयास जमिनीचा तुकडा लागतो.

वैद्यकाने ह्या वृत्तीस नाव दिले आहे. खोट्या दुखण्यांनी एका इस्पितळातून दुसऱ्यात फिरणाऱ्या रुग्णांचे वर्णन डॉ. रिचर्ड ॲशर यांनी 1951 साली ‘लॅन्सेट’मध्ये केले आणि थापाड्या बॅरन मुंचाउसेनचे नाव त्या विकारास दिले. संगणकाच्या जाळ्यात हाच विकार कसा अवतरतो हे डॉ. मार्क फेल्डमन यांनी 2000 साली दाखविले. इस्पितळात निदान अंगावर शस्त्रक्रियेचे व्रण तरी येतात. पडद्यावर तेवढीही किंमत मोजावी लागत नाही. पण प्रत्येक सोंग आजारातून येते असेही नव्हे. काहींना कर्जाऊ किंवा देणगीदाखल पैसा हवा असतो, काहींना भांडणातून निसटावयाचे असते. ह्या प्रकारांत समजून घेण्यासारखे फारसे काही नाही. विचार करावयास लावतो तो तिसरा प्रकार: ज्याला आपल्यामागे लोक काय म्हणतील हे स्वतःच्या कानांनी ऐकावयाचे असते.

ही इच्छा मात्र मनुष्याइतकीच पुराणी आहे, आणि तिचे सर्वांत सुंदर चित्र आपल्याच परंपरेत आहे. भासाचे म्हणून ओळखले जाणारे ‘स्वप्नवासवदत्त’ हे नाटक शतकानुशतके लुप्त होते; गणपतिशास्त्री यांना केरळात सापडलेल्या हस्तलिखितांतून ते 1912 साली प्रकाशात आले. हे सबंध नाटक एका खोट्या मरणावर उभे आहे. वत्सराज उदयनाचे राज्य शत्रूने घेतले आहे. ते परत मिळवावयास मगधराजाचे साहाय्य हवे, आणि त्यासाठी मगधाच्या राजकन्येशी, पद्मावतीशी, उदयनाचा विवाह व्हावयास हवा. वासवदत्ता जिवंत असता राजा दुसरी राणी करावयाचा नाही. म्हणून मंत्री यौगंधरायण लावाणकातल्या आगीत राणी जळाली, आणि तिला वाचविताना आपणही जळालो, अशी आवई उठवितो. त्यानंतर राणी वेष पालटून, नाव पालटून पद्मावतीच्याच आश्रयास राहते.

पहिल्याच अंकात लावाणकाहून आलेला एक ब्रह्मचारी तपोवनात राजाच्या शोकाचे वर्णन करतो: तो आगीत उडी घालू पाहत होता, तिचे अर्धवट जळलेले दागिने उराशी धरीत होता. ऐकणाऱ्यांत स्वतः वासवदत्ता उभी आहे. तिचे डोळे भरून येतात, आणि परकीच्या दुःखाने ही किती विरघळली, असे इतरांस वाटते. पुढे चौथ्या अंकात वेलींच्या आडोशाने ती राजाच्या तोंडून ऐकते की पद्मावती कितीही गुणी असली तरी त्याचे मन अजून वासवदत्तेपाशीच बांधलेले आहे. जिवंतपणी कोणत्या पत्नीस असे प्रमाणपत्र मिळते? त्या क्षणी तिला आपले मरण गोड वाटले असावे.

पण भासाने हा गोडवा फुकट दिलेला नाही. चौथ्या अंकाआधी तिसरा अंक आहे, आणि त्यात आपल्या पतीच्या दुसऱ्या लग्नाची वरमाला वासवदत्तेला स्वतःच्या हातांनी गुंफावी लागते. मरणाचे सोंग घेणाऱ्यास मेलेल्याचे हाल सोसावे लागतात. त्याचे स्थान दुसरा घेतो आणि त्याला तोंड उघडता येत नाही. पडद्यावरचा मृत नेमका हाच अंक गाळतो. ब्रह्मचाऱ्याचे वर्णन त्याला हवे असते, वेलींचा आडोसा हवा असतो, आणि कंटाळा आला की पुन्हा प्रवेश करावयाचा असतो. टेनेसीतल्या एका प्रणयकादंबरीकार स्त्रीने आत्महत्या केल्याचे सप्टेंबर 2020 मध्ये तिच्या खात्यावरून जाहीर झाले. सहलेखिकांच्या छळाने तसे झाले असावे, असा संशयही फिरू लागला. जानेवारी 2023 मध्ये ती त्याच जागी पुन्हा अवतरली, एखादी लांबलेली सहल संपवून यावे तशी. मनोविकाराशी आपण झगडत होतो असे तिने पुढे सांगितले, आणि ते खरे मानून तिच्याविषयी करुणाच वाटावी. परंतु ज्यांच्यावर एका मृत्यूचा डाग दोन वर्षांहून अधिक काळ राहिला, त्यांचे काय?

सत्कार्यासाठी असे केले तर चालेल काय, हा प्रश्नही आपल्याकडे येऊन गेला आहे. 2 फेब्रुवारी 2024 रोजी पूनम पांडे ह्या अभिनेत्रीच्या खात्यावरून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने तिचे निधन झाल्याचे जाहीर झाले. दुसऱ्याच दिवशी ती चित्रफितीत जिवंत दिसली. ह्या रोगाविषयी जागृती व्हावी म्हणून हे केले, असा खुलासा झाला. जाहिरात संस्थेने माफी मागितली. रोग खरा आहे आणि भयंकर आहे: 2020 ह्या एका वर्षात भारतात सुमारे 77 हजार स्त्रिया त्याने दगावल्याचा अंदाज आहे, आणि लशीने तो बऱ्याच अंशी टाळता येतो. त्या दिवशी पुष्कळांनी रोगाचे नाव प्रथमच ऐकले असेल, हेही मान्य करावे. पण ज्या घरातली बाई त्याच आठवड्यात त्याच रोगाने गेली असेल, त्या घरी दुसऱ्या दिवशीचा खुलासा कसा पोहोचला असेल? तिची चित्रफीत येणार नव्हती.

खोट्या मरणाची बातमी एवढीच हानी करून थांबत नाही. ती खऱ्या मरणासही संशयित करते. संशयित मरण काय करते हे मराठी मनास पानिपताने शिकविले आहे. 14 जानेवारी 1761 नंतर सदाशिवरावभाऊ गेले ही गोष्ट पुष्कळांस पटेना. त्या फटीतून तोतया शिरला. 1776 साली त्याने कोकणात बंड उभे केले, माणसे त्याला भाऊसाहेब म्हणून मुजरे करू लागली, आणि अखेर पुण्यात त्यास देहान्ताची शिक्षा झाली. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ ह्या नाटकामुळे त्याचे नाव अजून राहिले आहे. पण खरी शोकांतिका तोतयाची नव्हे, पार्वतीबाईंची आहे. पतीचे मरण त्यांनी मानले नाही, सौभाग्यचिन्हे अखेरपर्यंत उतरविली नाहीत. रडण्यासाठी खात्रीची गरज असते, आणि तीच त्यांना मिळाली नाही.

कायदा आपल्या परीने खात्री देतो. 1969 च्या अधिनियमाप्रमाणे मृत्यू 21 दिवसांत नोंदवावा लागतो. सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो मेला असे न्यायालय धरून चालते. फेसबुकनेही 2009 पासून मृतांची खाती स्मृतिखाती म्हणून जपण्याची सोय केली आणि त्यासाठी ते पुरावा मागते. पण आळीतले रडणे दाखल्याची वाट पाहत थांबत नाही, आणि थांबू नये. 2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, अंत्यविधीस मोजक्याच माणसांना परवानगी होती. मारतहळ्ळीच्या खोलीत अडकलेल्या कित्येकांना गावाकडचा निरोप पडद्यावरच आला आणि तो पडद्यावरच दुसऱ्यांना सांगावा लागला. खांदा द्यावयास जाता येत नव्हते. त्या रात्री न पाहिलेल्या माणसांनी लिहिलेल्या दोन ओळी हेच त्यांचे समाचाराला येणे होते. ज्यांनी त्या वाचल्या त्यांनी अजून जपून ठेवल्या आहेत.

एकदा फसलेली आळी पूर्वीसारखी राहत नाही. ती क्रूर होत नाही, सावध होते. पुढच्या वेळी निधनाची बातमी येते तेव्हा ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिण्यासाठी पुढे झालेली बोटे थबकतात. कुणी जुने लेखन उकरून तारखा जुळवून पाहतो. कुणी विचारतो, यांना प्रत्यक्ष भेटलेले कुणी आहे का? कुणी अदबीने सुचवितो की वर्तमानपत्रातल्या सूचनेचे कात्रण टाकता आले तर बरे होईल. प्रश्न वाजवीच असतात. ते वाचणारा कधी कधी मृताचा मुलगा असतो. वडिलांचा परवलीचा शब्द नुकताच सापडल्यामुळे, स्मशानातून परतल्यावर त्यांच्या मित्रांना कळवावे म्हणून तो तेथे प्रथमच आलेला असतो.