आठ महिन्यांचा धडा



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा अर्ध्यावर सुटली, पुढचे शिकणे वर्तमानपत्रांतून झाले. आज आठच महिन्यांची हकीकत सांगावयाची आहे. तेव्हा आम्ही पाळण्यात होतो; ती ऐकली वडीलधाऱ्यांकडून.

६ ऑक्टोबर १९७३ रोजी पश्चिम आशियात युद्ध पेटले. अरब देशांनी तेल आखडले. पिंपामागे सुमारे ३ डॉलर असलेला भाव जानेवारी १९७४ मध्ये ११ डॉलरांवर गेला. कुठे सुएझ नि कुठे नागपूर! पण १९७२ च्या दुष्काळाने पोळलेल्या महाराष्ट्रात महागाई आणखी भडकली.

८ मे १९७४ रोजी रेल्वे कामगारांनी देशभर संप पुकारला. मागण्या बोनस आणि आठ तासांच्या कामाच्या. हजारो तुरुंगात गेले. संप चालू असतानाच १८ मे रोजी पोखरणला अणुस्फोट झाला. २७ मे रोजी संप मागे घ्यावा लागला. बोनस मिळाला, पण १९७९ साली.

यातून आम्ही एवढेच शिकलो : पगाराचा रुपया आपण भांडून मिळवतो, पण त्याची किंमत दूर कोठेतरी ठरते. म्हणून परदेशच्या बातम्यांचे पान न वाचता उलटू नका. आपल्या चुलीचा हिशेब तेथेही मांडलेला असतो.