कचराभूमीवर उतरलेली पाखरे
(मानखुर्द येथील नागरिकांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



पक्षीनिरीक्षण म्हटले की दूरचे अरण्य आणि महागडी दुर्बीण डोळ्यांपुढे येते. आपणांस मात्र धारावीपर्यंत गेले तरी पुरे. तेथे मिठी नदीच्या काठी सुमारे ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. एके काळी या जागी शहराचा कचरा टाकला जात असे. त्यावर माती पसरली, वृक्ष लावले गेले आणि १९९४ मध्ये उद्यान जनतेसाठी खुले झाले. पाखरांना कोणी आमंत्रण दिले नव्हते. झाडे आली, तशी तीही आली.

तेथे घाईने जाऊ नये. पक्ष्यांसाठी सकाळ उत्तम. तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा 'टुक् टुक्' आवाज आला, की तांबट जवळच आहे असे समजावे. शिंपी पाने शिवून घरटे करतो, तर खंड्या पाण्यावर नजर लावून निश्चल बसतो. फुलपाखरांसाठी मात्र ऊन चढू द्यावे; पंख तापल्याखेरीज त्यांना उडता येत नाही. आपल्या राज्याचे फुलपाखरू निळवंत. त्याला हा मान २०१५ मध्ये मिळाला. त्याची अळी लिंबाच्या जातीच्या झाडांची पाने खाते. रुईवर वाढणाऱ्या अळीच्या अंगी त्या झाडाचे विष मुरते. म्हणून पुढे त्या फुलपाखराला पक्षी सहसा शिवत नाहीत.

मानखुर्दच्या शेजारी देवनारची कचराभूमी आहे. तिचा त्रास आपणांस कोणी सांगावयास नको. पण त्याच परिसराला लागून असलेल्या ठाणे खाडीत हिवाळ्यापासून हजारो रोहित पक्षी उतरतात. चिखलातील सूक्ष्म शेवाळांमुळे त्यांच्या पिसांना गुलाबी रंग चढतो. २०१५ मध्ये तेथे रोहित अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर पाणथळ क्षेत्राचा आंतरराष्ट्रीय दर्जा लाभला. कांदळवन तुटले, खाडीत कचरा गेला, तर हे वैभव टिकणार नाही.

कचऱ्याची भूमी वनात बदलू शकते, याचा दाखला धारावीत उभा आहे. तो मुलांना अवश्य दाखवा आणि परतल्यावर दारातल्या कुंडीत कढीपत्त्याचे रोप लावा. पानांवर अळ्या दिसल्या तर त्या झटकू नका. त्यांतूनच फुलपाखरे येणार आहेत.