चॉकलेट सिस्ट आणि कॅन्सरची भीती

मागच्या भागात मी एंडोमेट्रिओसिसच्या दुखण्याबद्दल बोलले, तर बऱ्याच जणींनी एकच विचारलं: याचा कॅन्सर होतो का?

चौतिशीतली एक ताई तर ओपीडीत फाइल ठेवून थेट म्हणाली, "मॅडम, ओव्हरीच काढून टाका." चार सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट, आणि रात्रभर मोबाइलवर केलेलं वाचन. तिला अजून मूल हवं होतं.

मी नाही काढली. पाश्चात्त्य देशांतले आकडे बघितले तर आयुष्यभरात 100 बायकांतल्या साधारण एकीला ओव्हरीचा कॅन्सर होतो. एंडोमेट्रिओसिस असेल तर दोनच्या आसपास. 'दुप्पट धोका' म्हटलं की छातीत धस्स होतं. पण उरलेल्या 98 जणींना तो होतच नाही.

संबंध मात्र खरा आहे. सॅम्पसन या अमेरिकन डॉक्टरांनी तो 1925 मध्येच मांडला होता. क्लिअर सेल आणि एंडोमेट्रिऑइड या दोन प्रकारांत तो ठळक दिसतो. 2010 मध्ये क्लिअर सेलच्या जवळजवळ निम्म्या गाठींत एआरआयडी1ए हे जनुक बिघडलेलं सापडलं, आणि काहींमध्ये तोच बिघाड शेजारच्या एंडोमेट्रिओसिसमध्येही होता. झालं, पुरावा मिळाला असं वाटतं ना? पण 2017 मध्ये, कॅन्सर नसलेल्या बायकांच्या खोलवरच्या एंडोमेट्रिओसिसमध्येही कॅन्सरशी जोडलेल्या जनुकांत बिघाड दिसले. म्हणजे नुसता बिघाड पुरेसा नाही.

मला जास्त काळजी दुसऱ्याच बायकांची वाटते. बावन्न वर्षांच्या एक काकू. पाळी गेली, दुखणं थांबलं, "सुटले एकदाची" म्हणून त्यांनी सोनोग्राफी बंद केली. तीन वर्षांनी पोट जड वाटायला लागलं म्हणून आल्या. जुन्या सिस्टच्या आत घट्ट मांसल वाढ होती आणि तिच्यात रक्तप्रवाह दिसत होता. ऑपरेशन केलं, क्लिअर सेलच निघाला. नशिबाने ओव्हरीपुरताच होता.

पाळी गेल्यावर सिस्ट वाढत असेल, आत घट्ट भाग दिसला किंवा दुखण्याची तऱ्हा बदलली, तर थांबू नका. सीए-125 नुसतं वाढलं म्हणून मात्र घाबरू नका. एंडोमेट्रिओसिसमध्ये ते एरवीही वाढतं.

आणि ती ताई? दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीला येते. मागच्या खेपेला सिस्ट तेवढीच होती. या वेळी मोबाइल पर्समध्येच होता.