धाराशिव : बालाघाटावरचा जिल्हा

धाराशिव जिल्ह्याचा बराचसा भाग बालाघाटच्या पठारावर आहे. पाऊस मात्र बेभरवशाचा. तेरणा नदीकाठचं तेर गाव म्हणजे प्राचीन तगर. इथलं कापड गाड्यांमधून भडोच बंदराकडे जात असे, अशी नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. तेरला सापडलेली नाजूक हस्तिदंती स्त्रीमूर्ती त्या वैभवाची बोलकी साक्ष.

नळदुर्गला तर स्थापत्याची कमालच आहे. आदिलशाहीत बोरी नदीवर बांध घातला आणि त्याच्या पोटातच पाणीमहाल उभारला. पावसाळ्यात बांधावरून नर-मादी धबधबे कोसळतात, तरी आतला महाल कोरडा राहतो.

पुढे निजामाची राजवट आली. ती 1948 मध्ये संपली. 1982 मध्ये या जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला. आज धाराशिव जिल्ह्यात आठ तालुके आहेत.