उन्हाशी पैज नको
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज मी मालाच्या भावाबद्दल बोलणार नाही. उन्हाबद्दल बोलणार आहे, आणि तेही मारवाडच्या उन्हाबद्दल. राजस्थानात थरच्या वाळवंटाला लागून फलोदी नावाचे गाव आहे. १९ मे २०१६ रोजी तिथे पारा ५१ अंशांवर गेला. त्याआधीचा देशाचा उच्चांक अलवरचा, १९५६ सालचा, ५०.६ अंश. तो ६० वर्षे टिकला. पुढे जून २०१९ मध्ये चुरूने ५०.८ गाठले आणि मे २०२४ मध्ये पुन्हा पन्नाशी ओलांडली. तिकडचा कोरडा वारा वायव्येकडून विदर्भात उतरतो, तेव्हा चंद्रपूर ४७ च्या वर जाते. म्हणून मारवाडचे ऐकायचे.

आणि हे आकडे सावलीतले बरे का! हवामान खात्याची ती झडपांची पांढरी पेटी असते, तिच्यातले. वावरात उभा असलेला माणूस पेटीत नसतो.

वाळवंटाचे ऊन फसवे. हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, येतो तसा उडून जातो. माणसाला वाटते, घाम नाही तर पाणी कशाला? कष्टाच्या कामात तासाला लिटरभर पाणी अंगातून गेलेले असते. तहान मागाहून लागते. पाण्याबरोबर मीठही जाते. मारवाडातली बाई बाजरीचे पीठ ताकात घालून राबडी करते, त्यात पाणी आले, मीठ आले, पोटालाही आधार झाला. आपल्याकडे ताक आहे, कैरीचे पन्हे आहे. काहीच नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ वाढवू नका. कांदा खिशात ठेवला की ऊन लागत नाही म्हणतात. कांदा भाकरीबरोबर खा. खिशातला कांदा फक्त व्यापाऱ्याच्या भावाची आठवण देतो.

तिकडचा म्हातारा भर उन्हात अंगभर ढगळ सुती कपडे आणि मोठे पागोटे घालतो. आपली पोरे बनियनवर काम करतात. हवा अंगापेक्षा तापली की उघड्या अंगाला ती तापवतच राहते. पंख्याचेही तेच. ४५ अंशांत तो गरम वारा घालतो. अंगावर ओले फडके असेल तर तोच पंखा गारवा देतो.

बाहेरून आलेल्या नव्या मजुराला पहिल्या दिवशी पुरते काम लावू नका. अंगाला ऊन सोसायची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

आता मुख्य गोष्ट. माणूस बरळायला लागला, झोकांड्या खायला लागला, अंग चटका बसेल असे तापले, तर तो उष्माघात. घाम येत असला तरीही. प्यायला असेल म्हणून त्याला बाभळीखाली टाकून जाऊ नका. तापाची गोळी इथे कामाची नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जाते. सावलीत घ्या, कपडे सैल करा आणि मोटारीचे, हौदाचे, मिळेल ते पाणी अंगावर ओतत राहा, वारा घाला. एकाने १०८ ला फोन करायचा, बाकीच्यांनी पाणी थांबवायचे नाही. गाडी येईपर्यंतची मिनिटेच जीव राखतात किंवा घेतात.

दुपारी बारा ते चार वावरात जाऊ नका, असे सरकारी पत्रक सांगते. सल्ला बरोबर आहे. पण पंपाची वीज दुपारी साडेबाराला येत असेल तर शेतकरी जाणारच. म्हणून आज उठण्याआधी प्रत्येक गावाने आपल्या फीडरची वेळ इथे लिहून द्यावी. एप्रिल-मे-जूनमध्ये पहाटेची पाळी मागायचा अर्ज आपण एकत्र करू. तोवर दुपारी पंपावर एकट्याने जायचे नाही. दोघे जा, आणि पाण्याची कळशी बरोबर न्या.