बंदराच्या हिशेबात बाई कुठे?



बंदराच्या पैशांवर बोलायचं ठरलं तेव्हा काहीजणी म्हणाल्या, हा आपला विषय नाही. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. मग एका किनारी गावातल्या बायकांसोबत मी भरपाईचे अर्ज घेऊन सरकारी कार्यालयात गेले. अर्जात 'व्यवसाय' असा रकाना होता. एक मावशी वीस वर्षं मासळीची पाटी डोक्यावर वाहते. कारकुनाने तिला न विचारताच लिहिलं, 'गृहिणी'. तिची सगळी कमाई तिथेच हिशेबातून गेली.

मुंबईची गोदी शहरात कोंडली, जहाजं खोळंबू लागली, म्हणून समोरच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा बंदर उभं राहिलं. जागतिक बँकेचं कर्ज मिळालं आणि २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झालं. विस्थापितांबाबत बँकेचं धोरण १९८० पासूनच होतं. तरीही शेवा कोळीवाड्यातली कुटुंबं ज्या वसाहतीत हलवली, तिथल्या घरांना वाळवी लागली. पुनर्वसनासाठी त्यांना पुन्हा लढावं लागलं.

त्याच परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. गोळीबारात पाचजण मृत्युमुखी पडले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. पण तो सातबारा पाहून! सातबाऱ्यावर बायकांची नावं किती असतात, हे तुम्हाला सांगायला नको. मासळी निवडणं, सुकवणं, विकणं या कामाचा तर उताराच नसतो.

आता पैसा कसा फिरतो ते पाहा. १९९७ मध्ये न्हावा-शेव्यात पहिल्या खासगी टर्मिनलचा करार झाला, तीस वर्षांचा. म्हणजे कंपनीला तीस वर्षं धंदा, बंदराला तीस वर्षं उत्पन्न. विस्थापित बाईच्या घरात मात्र भरपाई आलीच तर एकदा, तीही बहुधा नवऱ्याच्या नावाने.

आज हाच प्रश्न पालघर जिल्ह्यातल्या वाढवणला उभा आहे. जून २०२४ मध्ये केंद्राने ७६,२२० कोटींच्या या बंदराला मंजुरी दिली. त्यात ७४ टक्के वाटा जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा, २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचा. खासगी भांडवलही येणार आहे. बंदरच नको, ही तिथल्या मच्छीमारांची भूमिका आहे आणि तो त्यांचा हक्क आहे. पण कोणत्याही बंदराचा हिशेब मांडला जाईल, तेव्हा आपण तीन गोष्टी मागू या. मासळीवर जगणाऱ्या बायकांची वेगळी नोंद. भरपाई बाईच्या स्वतःच्या खात्यात. आणि बंदराच्या दरवर्षीच्या उत्पन्नातून उपजीविकेसाठी ठरलेला वाटा.

नोंदीची सुरुवात आपल्याच हातात आहे. पुढचा अर्ज भराल तेव्हा व्यवसायाचा रकाना स्वतः भरा. 'मासळी विक्रेती' असं लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.